शेरा

सोमवारी दहाच्या आत आकडे गोळा करायचे असतात.
पाचव्या मजल्यावर, पूर नियंत्रण कक्षात.
उन्हाळ्यातही पाटी तीच.
एकशे बेचाळीस तलाव, एक फोन, एक मी.

कुणी सांगतं चार टक्के, कुणी सव्वा,
कुणी नुसतं "मागच्यासारखंच" म्हणतं
आणि मागचं मला शोधावं लागतं.
मृतसाठा हा शब्द इतक्यांदा टंकला आहे
की नुसता म दाबला तरी पुरा उमटतो.

बोरखिंडीहून इलाही मुलाणी बोलतात.
एकोणतीस वर्षं, रोज सकाळी सातला,
पाण्यात रोवलेली पट्टी वाचणारा माणूस.
आज म्हणाले, "म्याडम, पट्टी संपली."
संपली म्हणजे?
"शून्याच्या खाली गेलं. पानी हाय,
पन पट्टीपासनं चाळीस पावलं लांब.
म्हशी बसत्यात तितं.
आन् बुडाला नाव निघालंय बगा,
कुंडलिक पेंटर, वैराग, सन चौऱ्याऐंशी.
रंग आजून ओला असल्यागत.
कुनीच कदी वाचलं नव्हतं ह्ये."

तक्त्यात उणे चालत नाही.
रकाना लाल होतो, पुढे जाऊ देत नाही.
मी निरंक लिहिलं.
मग शेऱ्याच्या रकान्यात, जिथे सहसा काहीच नसतं,
कुंडलिक पेंटर घातला, गावासकट.

दुपारी नकाशा छापायला घेतला.
पिवळा म्हणजे सौम्य, नारिंगी म्हणजे मध्यम,
तपकिरी म्हणजे तीव्र.
सातव्या प्रतीला शाई संपत आली
आणि तीन जिल्हे फिकट गुलाबी निघाले,
तान्ह्या बाळाच्या टाचेसारखे.
राजाध्यक्ष साहेब म्हणाले, चालेल,
खालचा मजकूर वाचतात लोक.

खालचा मजकूर:
पुढील चार आठवडे पारा सरासरीहून दोन अंश वर.
वळवाच्या सरी तुरळक, त्याही घाटालगत.
चारा पंधरा जूनपर्यंत पुरेल,
जनावरांची संख्या कमी होत असल्याने.
हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.
व्याकरणात चूक नव्हती.
शेरा मात्र साहेबांनी खोडला,
रागाने नाही,
पट्टी लावून, सरळ रेघेत.

माझ्या मागे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
दिवसाला साडेअकरा लिटर.
कुणी विचारलेलं नाही, मीच मोजते.
घरी चेंबूरला नळ पहाटे चाळीस मिनिटं येतो,
तेव्हा मी घड्याळ बघते, पाणी नाही.

फोन ठेवता ठेवता मुलाणींनी विचारलं होतं,
"तुमच्या खिडकीतनं समुद्र दिसतो म्हनं.
त्येला आसती का पट्टी? कोन वाचतं?"
मला माहीत नव्हतं.
अकरा वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसते,
उजेड पडद्यावर येतो म्हणून.

शुक्रवारी सुटल्यावर अपोलो बंदरावर गेले.
ओहोटी होती. पायऱ्या हिरव्या, निसरड्या,
खालच्या पायरीला एक चप्पल अडकलेली.
बोटीवरच्या पोराला विचारलं, अजून किती उघड्या पडतील?
तो म्हणाला, बसा तासभर, कळेल.
बसले.
शेंगदाणेवाला दोनदा येऊन गेला.
पाणी गेलं, कुणाचंही काही न नेता,
आणि परत फिरायला लागलं.

सोमवारी सगळ्यांत आधी बोरखिंड लावलं.
मुलाणी म्हणाले, निरंक.
मी म्हटलं, तेरा पायऱ्या.
तिकडे जरा वेळ नुसता वारा,
मग म्हशीचं हंबरणं, मग ते म्हणाले,
"थांबा म्याडम,
वही काढतो."